चिंचोक्याएवढी पाचर

ये गं सुजाता, अशी जवळ ये. कागदावर का होईना पण जवळ ये, म्हणजे मला नीट रागावता येईल. मिरजेच्या स्टेशनावर तुझी गाडी बदलते, तू तिथं चहा पितेस, आणि तशीच पुढं हुबळीला निघून जातेस. हे काही एकदा झालेलं नाही. स्टेशनापासून माझं घर ते केवढं लांब! आणि वर फोनवर विचारतेस, "काकू, माझे बाबा कसे होते?" असं कुणी फोनवर विचारतं का बाई? गॅसवर आमटी उतू चाललेली, माझ्या हातात पळी, आणि तिकडून हा प्रश्न. मी आपलं "चांगले होते गं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग दिवसभर स्वतःवरच चिडले. चांगले होते म्हणजे काय? चांगला तर आमचा दूधवालाही आहे.

म्हणून लिहायला बसले. तू जेमतेम दोन वर्षांची होतीस तेव्हा ते गेले, तुला काही आठवणं शक्यच नाही. तुझी आई म्हणते, माणूस मांजरांच्या नादात गेला. ती तसं म्हणते तेव्हा मी तिला दोष देत नाही. एकटीनं शाळेची नोकरी करत तुला वाढवलंय तिनं, तिला म्हणायचा हक्क आहे. पण तेवढ्या एका वाक्यावर तू बाबांना ओळखावंस हे मला बरं वाटत नाही. त्यांचं लहानपण, त्यांचं कॉलेज, लग्न कसं जमलं, हे सगळं तू तिलाच विचार. मला माहीत आहेत ते मिरजेचे डॉक्टर लोखंडे, जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले. आणि मी त्यांना डॉक्टरच म्हणणार. तुझे बाबा म्हणायला गेले की हात थांबतो.

आमचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि आम्ही घरी कवळी करून द्यायचो. माझे यजमान अकाली गेले, पण त्यांच्या शेजारी बसून बसून माझा हात बसला होता, म्हणून धंदा चालू राहिला. घरात मी आणि माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. दोघी विधवा, आणि तिसरी ठकी. ठकी म्हणजे आक्काची मांजर. पांढऱ्यावर पिवळे ठिपके, आणि स्वभावानं आक्कासारखीच, म्हणजे स्वतःच्या जागेवरून न उठता सगळ्यांना उठवणारी. आम्ही जैन, त्यामुळं ठकीला दूध-भाकरी. कधी तिनं उंदीर धरला तर आक्का तिच्याशी दिवसभर बोलायच्या नाहीत. ठकीलाही ते कळायचं. ती जाऊन आक्काच्या पायाशी पाठ करून बसायची, जशी काही हीच रुसली आहे.

तर ही ठकी एका स्कूटरच्या मागच्या चाकाखाली सापडली. मेली नाही. कोपऱ्यात पडून राहिली, हळूहळू उठली, लंगडत का होईना चालायला लागली. आम्ही म्हटलं, वाचली. मग काही आठवड्यांनी बघते तर अंगणातल्या मातीत जाऊन बसायची, जोर करायची, ओरडायची आणि तशीच परत यायची. पोट नगाऱ्यासारखं. आक्काला वाटलं, पिल्लं आहेत. डिंकाचे लाडू करतात की काय असं वाटण्याइतकं त्यांचं कौतुक सुरू झालं. पण ठकी खाईना, आणि खाल्लेलं ओकायला लागली, तेव्हा टोपलीत घालून दवाखान्यात नेली.

तिथं म्हशींची रांग. मधे आम्ही दोघी बायका, टोपलीवर पंचा झाकलेला. एक म्हैसवाला बघून हसला. "मांजराला दवाखाना? आवं आजी, मांजराला नऊ जीव असत्यात."

आतून एक उंच, थोडा वाकलेला माणूस बाहेर आला. डाव्या हातावरून खांद्यापासून पाणी ओघळत होतं आणि घड्याळ उजव्या हातात. पुढं मला कळलं, गाईम्हशी तपासताना डावा हात आत घालावा लागतो म्हणून घड्याळ उजव्या हातात. घरी जाताना सुद्धा ते बदलायचे नाहीत. ते त्या म्हैसवाल्याला म्हणाले, "तुमची म्हैस दूध देती म्हणून तुमी आणलीया. ह्यांचं मांजर काय देत न्हाई, तरी ह्यांनी आणलंय. आता तुमीच सांगा, आधी कुणाला घिऊ?"

म्हैसवाल्यानं मान खाली घातली आणि म्हशीला मागं सरकवलं. डॉक्टर टोपलीशी उकिडवे बसले, पंचा बाजूला केला आणि ठकीला म्हणाले, "आवं बाई, जरा इकडं सरका. बघू काय झालंय ते."

ही त्यांची खोड. जनावराला कधी अरेतुरे केलं नाही. म्हशीला आवं, बैलाला आवं, कुणाच्या चावऱ्या कुत्र्याला "रागावू नका साहेब." मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वहिनी, माणसाला अपमान झाला तर शिवी तरी देता येते. ह्यांना काय देता येतंय?" त्यांची जुनी मोटारसायकल होती, तिला किक मारतानाही "चला बाई" म्हणायचे. ती मात्र ऐकायची नाही.

ठकीच्या पोटावरून हात फिरवून ते आक्काला म्हणाले, "ह्यो गाभ न्हवं आक्का. ह्यो मळ हाय. साठलाय."

आक्का इतक्या खट्टू झाल्या की त्यांना डॉक्टरांवर विश्वास ठेवायला दोन भेटी लागल्या.

मग ते घरी यायला लागले. दवाखाना सुटला की आठवड्यातून एकदा, कोमट पाणी, पातळ तेल, रबरी नळी. ठकीला मोरीत धरायची मी, बोलायचे ते. "कळ काढा बाई, झालंच आता." साठलेलं निघालं की ठकी दोन दिवस पुन्हा ठकीसारखी वागायची, मग पुन्हा नगारा. एकदा त्यांनी माझ्या कामाच्या पाटावरून तार उचलली. कवळीला आकडे करायला आम्ही पोलादी तार वापरतो ना, ती. तिचं गोल कडं केलं आणि आक्काला दाखवलं. "हे कमरेचं हाड. असं कडं असतंय. पोटातलं जे बाहेर पडायचं ते ह्यातनं." मग अंगठ्यानं ते कडं दोन बाजूंनी आत दाबलं. आतली जागा चिमटीएवढी राहिली. "स्कूटरनं हे असं केलं. हाड जुळलंय, पण आत दबून जुळलंय. आता ह्यातनं काय बाहेर पडणार?"

"मग नळीनं काढत ऱ्हावा," आक्का म्हणाल्या.

"आतडं ताणून ताणून सैल पडतंय आक्का. एकदा सैल पडलं की मग नळीबी चालत न्हाई, कायबी चालत न्हाई. थोडे महिने हायत आपल्या हातात. पुढं एकच इलाज." आणि त्यांनी बोटांनी सुई टोचल्यासारखं केलं.

आक्का उठल्या, ठकीला उचलून आत घेऊन गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "सुई द्यायची न्हाई. आन् तडफडून मरू द्यायची न्हाई."

"आक्का, मधली वाट न्हाई."

"मग काढा की."

सुजाता, ह्या तीन शब्दांवर पुढचं सगळं उभं आहे. लक्षात ठेव.

आक्काचं आणि त्यांचं नातं आधीपासून असं नव्हतं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा आक्कांनी आपली नेहमीची चौकशी केली, गाव कुठलं, पावणे कोण, देव कुठला. ह्या चौकशीतनं काय काढायचं असतं ते ह्या मुलखात सगळ्यांना कळतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "म्हसवडच्या खालचं गाव, आक्का. आमी बौद्ध." मला धसका, आता आक्का काय बोलतात. तर म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यातबी जीव मारायचा न्हाई म्हणत्यात की."

"म्हणत्यात," डॉक्टर म्हणाले. "मी मारतो कवा कवा. सुईनं."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि चहा संपवला. जाताना आक्का त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या. ह्या घरात आक्का उठून कुणाच्या मागं दारापर्यंत गेलेल्या मी फारशा पाहिल्या नव्हत्या.

ते "सुईनं" म्हणजे काय, ते मी पुढं डोळ्यांनी बघितलं. ठकीला काय काय खायला घालायचं ते विचारायला एका दुपारी दवाखान्यात गेले होते. पुढं कुणी नव्हतं. मागच्या बाजूला खोदल्याचा आवाज येत होता म्हणून गेले तर डॉक्टर स्वतः कुदळीनं खड्डा खणत होते. शेजारी गोणपाटावर एक काळं मांजर. त्यालाही ठकीसारखंच झालेलं, उशिरा आणलेलं. मला बघून म्हणाले, "बसा वहिनी, हात धुऊन आलो."

मला नवल वाटलं, कारण मी त्यांच्याबद्दल निराळीच गोष्ट ऐकली होती. इस्लामपूरकडच्या एका मोठ्या बागायतदाराचा बैल त्यांच्या हाताखाली दगावला. बागायतदारानं त्यांचं आडनाव आणि गाव माहीत करून घेतलं होतं. तो म्हणाला, "आता तेवढं वढून न्यायचंबी बघा, डाक्टर. तुमास्नी काय नवीन न्हाई." चार माणसं उभी होती. डॉक्टरांनी हात धुतले, बाह्या खाली केल्या, आणि म्हणाले, "जितं माझं. मेलेलं तुमचं." आणि गाडीला किक मारली. ती नेहमीप्रमाणं पहिल्या किकेला चालू झाली नाही, तेवढं सोडलं तर सगळं झोकात झालं, असं ते स्वतःच हसत सांगायचे. त्यांच्या वडिलांनी धर्म बदलला त्या दिवसापासून गावाचं मेलेलं जनावर ओढणं बंद केलं होतं. गावानं त्याबद्दल विहीर बंद केली, काम बंद केलं, तरी ओढलं नाही. अशा माणसाचा मुलगा जनावरांचा डॉक्टर झाला. वडील म्हणाले होते, "आमी ज्येच्यातनं भाईर पडलो त्येच्यातच तू शिरलास." त्यावर डॉक्टरांचं उत्तर तेच. मी जित्याचा डॉक्टर आहे.

म्हणून मी त्या दिवशी विचारलं, "डॉक्टर, मेलेलं तुमचं नाही ना? मग हे?"

कुदळ भिंतीला टेकवत ते म्हणाले, "हे मेलेलं न्हाई वहिनी. हे मी मारलेलं. हे माझं."

त्या भिंतीच्या कडेनं माती बऱ्याच ठिकाणी उकरून बसवलेली होती. मी नजर फिरवली, मोजलं नाही.

आता कळलं का, आक्कांनी "मग काढा की" म्हटल्यावर ते का पेटले? आक्काला फक्त ठकी हवी होती. डॉक्टरांना एक तरी असं मांजर हवं होतं जे त्या भिंतीशी जाणार नाही.

परदेशात गेलेल्या एका मित्राला त्यांनी लिहिलं, आणि त्यानं कुठल्याशा मासिकाची दोन पानं पाठवली. ते कडं पुढच्या बाजूला, दोन मांड्यांच्या मधे, मुळात जोडलेलं असतं. तो जोड करवतीनं उघडायचा, दोन्ही बाजू हळूच फाकवायच्या आणि मधे पाचर बसवायची, म्हणजे कडं पुन्हा रुंद. लाकूडतोड्या ओंडक्यात पाचर मारतो तसं, पण ओंडका चिमणीएवढा आणि जिवंत. ते सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू जत्रेला निघालेत.

आधी फोटो हवा. जनावरांच्या दवाखान्यात कुठलं आलंय एक्स-रे मशीन? मिरजेत माणसांची हॉस्पिटलं हवी तेवढी, पण मांजर कोण आत घेणार? त्यांच्या ओळखीचा एक एक्स-रेवाला होता, त्यानं दुपारी दुकान बंद असताना मागच्या दारानं बोलावलं. मी टोपलीवर भाजी पसरली होती, वर मेथीची जुडी. वाटेत ठकी मेथीतून ओरडली, आणि समोरून येणाऱ्या बाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच ओरडले होते. एक्स-रेवाला सवयीनं पाकिटावर नाव लिहायला लागला. "पेशंटचं नाव?" डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "ठकूबाई." "वय?" "तीन." त्यानं तीनच्या पुढं "महिने" लिहिलं, खोडलं, "वर्षे" लिहिलं, आणि मग मान वर करून म्हणाला, "गड्या, तू माझं लायसन घालवणार."

पुढची अडचण आक्कांनी काढली. मासिकात लिहिलं होतं, पाचर हाडाची करतात, कापलेल्या जनावराच्या. डॉक्टरांनी भाबडेपणानं तसं सांगितलं. आक्का म्हणाल्या, "एक जीव वाचवायला दुसऱ्याचं हाड? आमच्या घरातल्या मांजरात? न्हाई जमायचं."

"आक्का, ते आधीच मेलेल्या जनावराचं असतंय."

"कुणी मारलं ते?"

डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "वहिनी, तुमच्या सासूबाई कोर्टात पाहिजे होत्या." आणि हसता हसता त्यांची नजर माझ्या पाटावर गेली. तिथं एक कवळी पडली होती, गुलाबी हिरड्यांची. ती त्यांनी उचलली, फिरवून बघितली, नखानं टकटक केलं. "हे तोंडात वर्षानुवर्षं राहतं ना? त्रास देत नाही?"

"नीट शिजवलं तर नाही," मी म्हटलं. "कच्चं राहिलं तर हिरडी भाजते."

"मग नीट शिजवा."

मेणाचा साचा मी केला, माप त्यांनी दिलं. फोटोवर पट्टी ठेवून, पुन्हा पुन्हा. शेवटी म्हणाले, "चिंचोक्याएवढी." गंमत म्हणजे आक्कांनी खरंच डब्यातून चिंचोका काढून दिला. भुकटी, द्रव, साचा, उकळतं पाणी, सगळं कवळीसारखंच. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की कुठं धार राहायला नको, आतड्याला लागेल. आरशासारखी गुळगुळीत करा. कवळीवाल्याला हे सांगावंच लागत नाही. गुळगुळीत करणं हाच आमचा धर्म. जिभेला केस सुद्धा टोचतो. मी ती पाचर अशी घासली, अशी चमकवली की आक्का म्हणाल्या, "नाकात घालावी वाटती."

ऑपरेशन छान झालं. ठकी शुद्धीवर आली, दूध प्यायली. आम्ही सगळे खूश. आठवडा गेला आणि पुन्हा नगारा. पुन्हा मेथीची जुडी, पुन्हा एक्स-रे. पाचर निसटून आडवी झाली होती, कडं पुन्हा मिटत चाललं होतं. ओंडक्यातली पाचर खरबरीत असते म्हणून धरते, हे तिथं आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. मग म्हणाले, "मी तोंडाचा विचार केला. हे तोंड न्हवं. हाडाला धरायला कायतरी लागतंय." आक्कांकडं न बघता म्हणाले, "आक्का, बाईंना पुन्हा कापावं लागंल."

आक्का म्हणाल्या, "तुमास्नी ताप हाय का?"

कारण कपाळावर घाम होता आणि दिवस थंडीचे होते. ते म्हणाले, "मोटारसायकलवर ऊन लागलं." आम्ही मानलं.

ऊन नव्हतं ते. काही दिवसांपूर्वी इस्लामपूरच्या पलीकडं एका म्हशीनं गाभ टाकला होता आणि वार, गर्भाबरोबर बाहेर पडायची ती, आत अडकली होती. दवाखान्यातले हातमोजे फाटके. मालक गरीब, म्हैस त्याच्या घराचा आधार. डॉक्टरांनी उघड्या हातानं वार काढली. म्हैस जगली. गाभ टाकणाऱ्या जनावरांचा एक आजार असतो, तो हाताच्या एवढ्याशा चिरेतून माणसात शिरतो. संध्याकाळी ताप, रात्री घाम, आणि दुखणं बसतं ते कमरेत, बरोबर त्या कड्याच्या सांध्यात. मांजरानं नाही दिला तुझ्या बाबांना आजार. हे आईला सांग. भांडू नकोस, नुसतं सांग.

पण खरं तेही सांगते. तेव्हाच इथल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन नीट तपासून घेतलं असतं तर बरं झालं असतं, आणि त्यांनी ते पुढं ढकललं. हिवतापाच्या गोळ्या स्वतःच घेत राहिले. ठकीचं आतडं दिवसागणिक सैल होत होतं, आणि ते म्हणायचे, "आधी ह्यांचं उरकू." त्यात ठकी किती होती, ती भिंत किती होती, आणि आमच्यासारख्या सगळ्यांची दुखणं मागं टाकायची सवय किती होती, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

दुसरी पाचर मी घासली नाही. दोन्ही बाजूंना चऱ्या पाडल्या, टोकाला दोन भोकं ठेवली, तार ओवून हाडाला बांधता यावी म्हणून. तार आमचीच. दुसऱ्या ऑपरेशनला डॉक्टर स्टुलावर बसून होते. उभं राहवत नव्हतं. मी बॅटरी धरली होती. काम संपेपर्यंत त्यांचा हात हलला नाही, आणि शेवटचा टाका घातल्यावर असा थरथरला की कात्री मला घ्यावी लागली. ठकीच्या कानाशी वाकून म्हणाले, "माफ करा बाई, दोनदा त्रास दिला."

मग वाट बघणं. आक्कांनी अंगणात पाट टाकला आणि जपाची माळ घेऊन बसल्या. ठकी फिरायची, मातीचा वास घ्यायची, परत यायची. डॉक्टर सकाळी दवाखान्याच्या आधी यायचे, आक्काच्या शेजारी पायरीवर बसायचे. परीक्षेचा निकाल लागायचा असतो तशी घरात शांतता. एका सकाळी ठकी शेवग्याखाली गेली, माती उकरली, बसली. ओरडली नाही. उठली, मातीनं झाकलं आणि शेपटी वर करून आली.

आक्का आयुष्यात पहिल्यांदा माळ अर्धी सोडून उठल्या. डॉक्टर काठी घेऊन शेवग्याखाली गेले, उकिडवे बसले, माती बाजूला केली. आधी ठकीचं यायचं ते पट्टीसारखं चपटं, बोटभर. डॉक्टर मागं न वळता म्हणाले, "गोल हाय आक्का."

आक्कांनी हात जोडले आणि णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. मांजराच्या विष्ठेपुढं. मी हसू दाबत होते आणि डॉक्टरांकडं बघितलं तर ते काठी तशीच हातात धरून रडत होते. मी आत जाऊन चहा टाकला. तो त्या दिवशी उतू गेला तरी मला कळलं नाही.

पुढं त्यांच्याकडं अशी आणखी मांजरं आली. जयसिंगपूरचं एक, सांगलीची दोन. पाचरी मी केल्या. एक वाचलं नाही, ते उशिरा आलं होतं. त्याच्यासाठी खणायला मात्र त्यांना दुसऱ्याची मदत घ्यावी लागली, कारण तोवर त्यांना वाकता येत नव्हतं.

शेवटी निदान केलं ते त्यांनीच. मिरजेतल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासलं, टायफॉईड म्हणाले, क्षय म्हणाले. काम काय करता असं कुणी विचारलं नाही, आणि ह्यांनीही सांगितलं नाही. मग एके दिवशी दवाखान्यात बसून म्हशींचं रक्त तपासायचा जो गुलाबी थेंब असतो, तो काचेवर टाकला, बोटाला टोचून स्वतःचं रक्त त्यात मिसळलं आणि काच हलवली. चांगलं रक्त असेल तर थेंब तसाच राहतो. आजार असेल तर रव्यासारखे कण दिसतात. रवा झाला. तसेच उठून आमच्याकडं आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, मी म्हैस निघालो."

हसत म्हणाले गं. आक्काही हसल्या, त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

औषधं झाली, पण आजार हृदयाच्या झडपेपर्यंत गेला होता. रजा घेऊन ते साताऱ्याला तुझ्या आईकडं गेले, तिची शाळेची नोकरी तिथं होती. तोवर ते शनिवारी जायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचे. त्यांच्या पाकिटात तुझा एक फोटो होता, टक्कल केलेला, तो त्यांनी आक्काला कितीदा दाखवला असेल. आक्का दर वेळी म्हणायच्या, "डोळं तुमचं हायत," आणि ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे खूश व्हायचे. हे आईला माहीत आहे का मला ठाऊक नाही.

मी आणि आक्का त्यांना बघायला साताऱ्याला आलो. शाळेच्या मागच्या गल्लीत तुमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खाटेवर ते उशीला टेकून. एवढा उंच माणूस, खाटेत कुठं गेला कळेना. पहिला प्रश्न, "ठकीबाई कशा आहेत?"

"खात्यात आन् झोपत्यात," आक्का म्हणाल्या. "तुमी तसंच करा."

मला म्हणाले, "वहिनी, पाचर अजून थोडी बारीक चालेल. मांजराला भार कमी." मी हो म्हटलं. आक्का त्यांच्या पायाशी बसून पाय चेपायला लागल्या. ते नको नको म्हणत होते, आक्का ऐकत नव्हत्या.

तेवढ्यात तू आतून आलीस. चड्डी आणि एक मोठं झबलं. दारात बाबांच्या चपला होत्या, त्यातली एक दोन्ही हातांनी छातीशी धरून आणलीस. खाटेची कड धरून पाय उंच केलेस आणि ती त्यांच्या पायात घालायला लागलीस. बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही, कारण ते डोळ्यांनी सांगत होते, करू नका. मग परत गेलीस, दुसरी आणलीस, तीही घातलीस. दोन्ही उलट्या पायात. आणि टाळी वाजवलीस. तुला वाटलं असावं, चपला घातल्या म्हणजे आता बाबा उठून बाहेर नेणार.

तुझी आई म्हणाली, "अहो काढा त्या, गादीवर चपला."

ते म्हणाले, "असू दे. तिनं घातल्यात."

आम्ही निघालो तेव्हा ते उठले. सगळे नको म्हणत होतो. भिंत धरून, एकेक पाऊल, उंबऱ्यापर्यंत आले. तू त्यांच्या लेंग्याला धरून शेजारी. त्या उलट्या चपलाच पायात, बोटं एकीकडं, पट्टा एकीकडं. उजवा हात चौकटीवर, त्याच हातात घड्याळ. डाव्या हातानं त्यांनी तुझं डोकं धरलं होतं. आम्ही वळणावरून मागं बघितलं तेव्हाही दोघं तशीच उभी होतात. त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही. पंधरवड्यात निरोप आला.

तू विचारलंस, कसे होते. असे होते. आणि त्या उंबऱ्यावर तूही होतीस.

आता ह्यावर फोन करू नकोस. फोनवर मला बोलता येत नाही. पिशवी भर आणि ये. दिवस मावळायच्या आत पोहोच, आमच्याकडं अंधार पडल्यावर जेवत नाहीत आणि मला तुला गरम भाकरी वाढायची आहे. आईला आणता आलं तर आण, मी काही बोलणार नाही, नुसतं जवळ बसवून घेईन. पुढच्या महिन्यात म्हणू नकोस, ह्याच महिन्यात ये बाई.